अभ्यासक्रम आमदारांनी ठरवायचा की मास्तरांनी? सीमाभागातून सारखे येणारे प्रश्न

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात शाळेच्या वाटेवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि मधली काही वर्षं मी गावातल्या सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे पालकांच्या शाळा समितीवर होतो, त्यामुळे लोक झेरॉक्स काढता काढता शाळेबद्दल विचारतात. शिक्षण खात्याचं सुत्तोले म्हणजे परिपत्रक आलं की ते कन्नडमधून असतंय, मग "मामा, यात काय लिवलंय बघा जरा" इथून सुरुवात होते आणि गाडी "हे असलं ठरवतं तरी कोण" इथं येऊन थांबते. तेच तेच प्रश्न शंभरदा सांगून झाले म्हणून इथं एकदाच लिहून ठेवतोय. मी वकील नाही, पण जे लिहिलंय ते कागद वाचून लिहिलंय.

१. शाळेत काय शिकवायचं हे शेवटी ठरवतं कोण, आमदार की शिक्षक?

दोघंही, आणि गंमत म्हणजे विचारायला गेलं की दोघंही दुसऱ्याकडं बोट दाखवतात. आपल्याकडचा मूळ कायदा म्हणजे कर्नाटक शिक्षण कायदा १९८३, तो प्रत्यक्ष लागू व्हायला १९९५ उजाडलं. त्याच्या कलम ७ मध्ये अभ्यासक्रम ठरवायचा अधिकार राज्य सरकारला दिलाय. इथं एक फरक लोक विसरतात, सरकार म्हणजे मंत्री आणि त्यांचं खातं, विधानसभा नव्हे. आमदार सभागृहात बसून चौथीच्या परिसर अभ्यासाचे धडे निवडत नाहीत, ते अधिकार कुणाकडं असावेत एवढं ठरवून मोकळे होतात.

त्यावर २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, ज्याला सगळे आरटीई म्हणतात. त्याचं कलम २९ म्हणतं की पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत "शैक्षणिक प्राधिकरणा"नं ठरवायची. म्हणजे शिक्षणातल्या जाणकार संस्थेनं. कर्नाटकात हे काम बेंगळूरची डीएसईआरटी, म्हणजे राज्याची शिक्षण संशोधन आणि प्रशिक्षण संस्था करते आणि पुस्तकांचं काम पाठ्यपुस्तक संघाकडं असतंय. त्यांच्या समित्यांवर शिक्षक असतात, प्राध्यापक असतात, पण समितीवर कुणाला घ्यायचं ते परत सरकारच ठरवतं. स्वयंपाक आचारीच करतो हो, पण आचारी कोण ते मालक ठरवतो, असं आहे ते.

२. शिक्षण केंद्राकडं की राज्याकडं?

दोघांकडं. आधी राज्याकडं होतं, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं ते समवर्ती सूचीत गेलं. म्हणून एनसीईआरटीचा, म्हणजे केंद्राच्या अभ्यासक्रम संस्थेचा आराखडा दिल्लीतून येतो, पुस्तक बेंगळूरहून येतं आणि आपण दोन्हीकडं तक्रार करत बसतो.

३. शिक्षक व्हायला काय पाहिजे हे कोण ठरवतं?

किमान पात्रता एनसीटीई ठरवते, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, तिचा कायदा १९९३ चा. आरटीईच्या कलम २३ खाली केंद्रानं हे काम तिला दिलं आणि तिनं २३ ऑगस्ट २०१० ला नियम काढून पहिली ते आठवीच्या शिक्षकांना टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा सक्तीची केली. १५० मार्कांचा पेपर, पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९०. त्यावर भरती, पगार, बदली हे सगळं राज्याचं.

"जाणकारांनी ठरवलं" आणि "सरकारनं जाणकारांकडून ठरवून घेतलं" यातला फरक बघायचा असेल तर बी.एड. वाली केस बघा. २८ जून २०१८ ला एनसीटीईनं काढलं की बी.एड. वाले पहिली ते पाचवीलाही चालतील, नोकरी लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा. आता बी.एड. मध्ये शिकवतात मोठ्या पोरांना कसं शिकवायचं ते, आणि सहा वर्षाच्या पोराला अक्षर ओळखायला लावणं हे वेगळंच काम, त्यासाठी डी.एड. म्हणजे आताचं डी.एल.एड. असतंय. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि ११ ऑगस्ट २०२३ ला कोर्टानं तो नियम रद्द ठरवला. निकालात एक गोष्ट स्पष्ट म्हटली, की हा निर्णय एनसीटीईनं स्वतःच्या अभ्यासातून घेतला नव्हता, केंद्र सरकारच्या सांगण्यावरून घेतला होता. माझ्या दुकानात तेव्हा बी.एड. झालेल्या पोरापोरींची रांग होती सर्टिफिकेटच्या झेरॉक्सला, त्यांचा काय दोष, त्यांनी तर नियम वाचूनच फॉर्म भरले होते.

४. मग आमदार-मंत्र्यांनी यातून बाहेरच राहावं की! त्यांना काय कळतंय?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक शिक्षकच असतात, चहा घेत घेत. आणि अर्धं त्यांचं बरोबर आहे. १८९७ साली अमेरिकेत इंडियाना राज्याच्या खालच्या सभागृहानं वर्तुळाचं एक विधेयक ६७ विरुद्ध शून्य मतांनी पास केलं होतं, त्याच्या हिशेबानं पायची (π) किंमत ३.१४ ऐवजी ३.२ निघाली असती. गणिताचा एक प्रोफेसर दुसऱ्याच कामासाठी विधानभवनात आला होता, त्यानं ऐकलं, वरच्या सभागृहातल्या लोकांना समजावलं आणि ते विधेयक तिथंच बाजूला पडलं. बहुमतानं वर्तुळ बदलत नाही.

पण पुण्यात बसून "राजकारण्यांनी शाळेत नाक खुपसू नये" म्हणणं सोपं आहे. आम्ही सीमाभागातली माणसं तसं म्हणून कसं चालेल? इथं मराठी शाळा उभी आहे ती कायद्याच्या जोरावर. राज्यघटनेचं कलम ३५०अ, जे १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलं, ते म्हणतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी सोय करायचा राज्यानं प्रयत्न करावा. हे कुठल्या शिक्षणतज्ज्ञांच्या समितीनं ठरवलेलं नाही, खासदारांनी मत देऊन ठरवलंय. उद्या एखाद्या तज्ज्ञ समितीनं म्हटलं की बारा पोरांची मराठी शाळा चालवणं शैक्षणिकदृष्ट्या बरं नाही, शेजारच्या शाळेत घाला, तर तिच्याकडं आकडे असतील, आपल्याकडं ३५०अ असेल.

म्हणून माझं म्हणणं असं, शाळा असावी का, कुठल्या भाषेत असावी, वर्गाला किती शिक्षक, मास्तर किमान किती शिकलेला असावा, पैसे कोण देणार, हे सगळं कायद्यात असावं, म्हणजे सरकार बदललं तरी हलत नाही. धडा कुठला, कुठल्या वयाला, कसा शिकवायचा, किती दिवसात, यात मंत्र्यानं पडू नये. आपल्याकडं होतंय नेमकं उलटं. धड्यावरून सभागृहात बोंबाबोंब, आणि रिकाम्या जागांवर अतिथी म्हणजे तात्पुरते शिक्षक घेऊन वर्षं काढायची.

५. कन्नड सक्तीची केली ते कायद्यात बसतं का? आम्ही तर मराठी माध्यमाचे.

बसतं. ऐकायला कडू लागेल, पण सांगतो. कर्नाटकचा कन्नड भाषा शिक्षण कायदा २०१५ चा आहे, त्याप्रमाणे पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून घ्यावीच लागते. माध्यम मराठी राहतं, कन्नड एक विषय म्हणून येते.

आता "अल्पसंख्याकांवर राज्याची भाषा लादता येत नाही" असं स्टेजवर जोरात म्हणतात तेव्हा मला २००४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आठवतो. त्यात तक्रार होती मुंबईतल्या गुजराती भाषिकांच्या इंग्लिश शाळांची, आणि सक्ती होती मराठीची! कोर्टानं महाराष्ट्राच्या बाजूनं निकाल दिला, राज्यात राहायचं तर राज्याची भाषा शिकवायला लावता येते म्हणून. तिकडं आपण टाळ्या वाजवल्या. पुढं २०२० मध्ये महाराष्ट्रानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीचा कायदाही केला. तोच निकाल इकडं आपल्याला लागू होतो, मग टाळ्या परत कशा घ्यायच्या?

भांडायचं असेल तर ते "कशी शिकवता" यावर भांडा. घरात कन्नडचा एक शब्द नसलेल्या पोराला पहिल्या दिवसापासून बेंगळूरच्या पोरासारखं कन्नड वाचायला लावायचं का, त्याला आधी बोलायला शिकवायचं, हा शिक्षणाचा प्रश्न आहे आणि तो मास्तरांनीच सोडवायचा.

६. मी मुलाला इंग्लिश मिडियमला घातलं तर सरकार अडवू शकतं का?

नाही. कर्नाटकानं १९९४ मध्ये आदेश काढला होता की पहिली ते चौथी मातृभाषा किंवा कन्नड माध्यमच पाहिजे. वीस वर्षं कोर्टबाजी चालली आणि ६ मे २०१४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं की माध्यम निवडायचा हक्क मुलाचा, म्हणजे पर्यायानं आईबापाचा, सरकार सक्ती करू शकत नाही. ३५०अ सुद्धा सक्तीसाठी वापरता येत नाही, ते सोय करून देण्यासाठी आहे.

माझं विचाराल तर हा निकाल आला तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान मराठी शाळांचं झालं, कन्नडवाल्यांचं नाही. पिवळी बस दारात येते, मराठी शाळेचा पट खाली जातो. कुणी ठरवलं? आमदारांनीही नाही, मास्तरांनीही नाही, आपणच.

७. सरकार बदललं की पुस्तकं का बदलतात?

कारण समिती नेमायचा अधिकार सरकारकडं आहे, प्रश्न १ बघा. २०२२ मध्ये भाजप सरकारच्या वेळी रोहित चक्रतीर्थ यांच्या समितीनं सुधारलेल्या पुस्तकांवरून मोठा वाद पेटला, बसवण्णांबद्दलच्या मजकुरावरून तर मठाधीशही बोलले. जूनमध्ये ती समिती बरखास्त झाली. पुढच्या वर्षी काँग्रेस सरकार आलं आणि जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं हेडगेवार, सावरकर यांच्यावरचे धडे काढायचं ठरवलं. तोपर्यंत पुस्तकं छापून झाली होती, म्हणून काय गाळायचं आणि काय नवीन घ्यायचं याची वेगळी पुरवणी काढावी लागली.

मी इथं कुणाची बाजू घेत नाही. दोन्ही वेळा निर्णय घेताना प्रश्न "या वयाच्या पोराला हे समजेल का" हा नव्हता, एवढंच बघा. आणि बदल कन्नड पुस्तकात झाला की तो मराठी, उर्दू, तमिळ, तेलुगू, हिंदी, इंग्लिश सगळ्यात करावा लागतो. मराठी माध्यमाच्या पोराच्या हातात समाजविज्ञानाचं जे पुस्तक पडतं ते भाषांतर असतं, आणि कधी कधी ते घाईत केल्यासारखं वाटतं. सातवीतली एक पोरगी माझ्याकडं एक पान झेरॉक्सला घेऊन आली होती, चार ओळींचं एक वाक्य, क्रियापद शोधत शोधत मी खालपर्यंत गेलो तर ते पुढच्या पानावर होतं.

८. शिक्षकांनी स्वतः बनवलेलं काही सरकारनं घेतलंय का कधी?

होय की, नली-कली. कन्नडमध्ये नली म्हणजे आनंदानं बागडणं, कली म्हणजे शिकणं. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या काही शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅलीत जाऊन तिथल्या एकशिक्षकी शाळा बघितल्या आणि परत येऊन आपल्या शाळेत तसं काहीतरी सुरू केलं, युनिसेफची मदत होती. पहिली ते तिसरीची पोरं एकाच खोलीत, गोलात बसून, कार्ड घेऊन, आपापल्या वेगानं शिडीची पायरी चढतात. ज्याला येतंय तो पुढं, ज्याला येत नाही त्याला मार नाही. २००९-१० पासून सरकारनं ते राज्यभर नेलं.

तिथंच गोम आहे. एका तालुक्यातल्या मास्तरांनी आवडीनं केलं तेव्हा ते चाललं. राज्यभर आदेशानं गेलं तेव्हा काही ठिकाणी फार छान झालं आणि काही ठिकाणी कार्डांचा डबा कपाटावर आणि खाली परत बेंचावर रांगा. आदेश काढणाऱ्यानं कार्डं पाठवली, मास्तरांच्या मनातली आवड कुरिअरनं पाठवता येत नाही ना.

९. पुस्तकाबाहेरचं शिकवलं तर शिक्षकावर कारवाई होते का?

आरटीईचं कलम २४ शिक्षकाला सांगतं की ठरलेल्या वेळेत पूर्ण अभ्यासक्रम संपवा, प्रत्येक मुलाला किती कळलं ते तपासा आणि लागेल तिथं जादा शिकवा. कसं शिकवायचं ते कुठं बांधून दिलेलं नाही. आमच्या इथं एक बाई होत्या, क्षेत्रफळ आलं की पोरांना घेऊन भाताच्या शेतात जायच्या, तेहतीस फुटाची दोरी चार बाजूंना लावायची, मधे जे बसलं तो एक गुंठा. १०८९ चौरस फूट, पोरांनी स्वतः गुणाकार केला. बांधावर उभ्या म्हाताऱ्याला कळलं की आपला गुंठा शाळेत शिकवतात. एक दिवस सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळांवर लक्ष ठेवणारे खात्याचे माणूस, तपासणीला आले, त्यांनी विचारलं वर्ग रिकामा का, हेडमास्तर म्हणाले वर्ग शेतात आहे. वहीत काय लिहायचं यावर दोघांची पंधरा मिनिटं चर्चा झाली. कारवाई काही झाली नाही.

१०. विधिमंडळात शिक्षकांचे प्रतिनिधी असतात ना? मग ते काय करायलेत?

असतात. कर्नाटकच्या विधान परिषदेत ७५ जागा, त्यातल्या ७ शिक्षक मतदारसंघाच्या. बेळगाव, विजयपूर, बागलकोट मिळून आपला वायव्य शिक्षक मतदारसंघ. पण मत कुणाला आहे बघा. घटनेचं कलम १७१ म्हणतं, माध्यमिक शाळेच्या खालच्या दर्जाच्या नसलेल्या संस्थेत किमान तीन वर्षं शिकवलेला शिक्षक. म्हणजे हायस्कूल आणि कॉलेजवाले. पहिलीच्या पोराला अक्षर शिकवणारी प्राथमिक शाळेतली बाई यात मतदारच नाही!

त्यामुळे दर डिसेंबरला हलगा-बस्तवाडच्या सुवर्ण विधान सौधमध्ये अधिवेशन भरलं की आत शिक्षक आमदार पेन्शनवर बोलतात आणि बाहेर मंडपात अतिथी शिक्षक बसलेले असतात. पेन्शन महत्त्वाची आहेच, पण पहिलीचं पुस्तक कसं असावं यावर बोलायला आत कुणाला मतांची गरजच पडत नाही.

११. एसडीएमसी अभ्यासक्रमात काही बदल सुचवू शकते का?

सुचवू शकते, बदलू शकत नाही. आरटीईप्रमाणे कमिटीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूणात निम्म्या बायका पाहिजेत. शाळा कशी चालते यावर लक्ष, शाळेच्या विकासाचा आराखडा, पैशांचा हिशेब, हे तिचं काम. मी होतो तेव्हा नव्वद टक्के वेळ पत्रे, पाण्याची टाकी आणि बिसियूट म्हणजे दुपारच्या जेवणात गेला. तरी ठरावाची ताकद कमी समजू नका. शिक्षक कमी आहे, पुस्तकं आली नाहीत, यासाठी कमिटीचा सही-शिक्क्याचा ठराव बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी ऑफिसला दिला आणि त्याची पोच घेतली तर फाईल हलते. तोंडी सांगितलेलं चहाबरोबर संपतं.

१२. आमच्या शिक्षकांना सारखं सर्वेला का पाठवतात? कायद्यात चालतं का?

आरटीईच्या कलम २७ मध्ये शिकवण्याबाहेरची तीनच कामं दिलीत, दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्यानं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण सुरू केलं, वेळेत संपेना म्हणून सरकारी आणि अनुदानित शाळांची दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. ती दशवार्षिक जनगणना होती का? नव्हती. पोरं खुश होती, अभ्यासक्रम मात्र तेवढाच राहिला आणि कलम २४ सुद्धा, प्रश्न ९ बघा.

१३. पाचवी-आठवीची बोर्ड परीक्षा आहे की नाही? दर वर्षी वेगळं ऐकतो.

२०२४ मध्ये जे झालं ते कुणाच्याच लक्षात राहत नाही म्हणून सांगतो. सरकारनं पाचवी, आठवी, नववीला बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा ठेवली, मार्चमध्ये हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी ती रद्द केली, दोन न्यायाधीशांच्या पीठानं चालू ठेवायला सांगितलं, पेपर झाले, आणि एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल लावायला स्थगिती दिली. दहा वर्षाच्या पोरानं पेपर दिला आणि निकाल कोर्टात अडकला. परीक्षा असावी की नको यावर शिक्षकांत दोन मतं आहेत, दोन्ही ऐकण्यासारखी, पण पोरांनी पेन हातात घेतल्यावर हे ठरवायचं नसतंय.

१४. आमच्या मराठी शाळेत महाराष्ट्राचं बालभारतीचं पुस्तक लावता येईल का?

नाही. शाळेला मान्यता कर्नाटकाची, परीक्षा कर्नाटक बोर्डाची, एसएसएलसीला म्हणजे दहावीला ६२५ मार्कांपैकी १२५ पहिल्या भाषेचे आणि ती आपली मराठी, पण पुस्तक इथलंच. महाराष्ट्र ८६५ गावांवर दावा सांगतो, २००४ पासून सुप्रीम कोर्टात केस आहे, तिचा निकाल लागेपर्यंत शाळा ज्या राज्यात त्या राज्याचा अभ्यासक्रम. घरी वाचायला बालभारती आणा, कुणी अडवत नाही, माझ्याकडं पाचवीची दोन जुनी पडलीत.

आणि तिकडं सगळं शहाणपणानं चाललंय असंही समजू नका. १६ एप्रिल २०२५ ला महाराष्ट्र सरकारनं पहिलीपासून हिंदीचा जीआर काढला, जूनमध्ये बदलला, बोंब झाली आणि २९ जूनला दोन्ही मागं घेऊन नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. आधी जीआर, मग समिती. क्रम उलटा लावायचा रोग सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे.

१५. थोरात आयोगानं दोनच भाषा सांगितल्यात म्हणे. मग मराठी पोरांची कन्नड गेली का?

गेली नाही, शिफारस म्हणजे कायदा नव्हे. सुखदेव थोरात, यूजीसीचे माजी अध्यक्ष आणि आपले मराठी माणूस, यांच्या आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याला अहवाल दिला, त्यात कन्नड किंवा मातृभाषा आणि त्यासोबत इंग्लिश अशी दोन भाषांची शिफारस आहे आणि पाचवीपर्यंत माध्यम कन्नड किंवा मातृभाषा. मराठी पोरासाठी याचा शब्दशः अर्थ मराठी आणि इंग्लिश असा निघतो, पण २०१५ चा कायदा कन्नड पाहिजेच म्हणतो, प्रश्न ५ बघा. दोन्ही एकदम पाळता येणार नाहीत, आणि तो कायदा आहे तोवर तोच चालणार.

१६. मी भाषिक अल्पसंख्याक संस्थेच्या मराठी शाळेत वीस वर्षं शिकवतोय, मला टीईटी द्यावी लागेल का?

हा सध्या सगळ्यात अवघड प्रश्न आहे, दोन भागात सांगतो. सरकारी आणि साध्या अनुदानित शाळेचं स्पष्ट आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त वेळ आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, पाच वर्षांहून कमी राहिली असतील तर नोकरी चालू राहील पण टीईटीशिवाय बढती नाही.

अल्पसंख्याक संस्थांचं वेगळं. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या प्रमती निकालानं त्यांना आरटीईमधूनच वगळलं होतं. २०२५ च्या पीठाला तो निकाल पटला नाही, पण ते स्वतः बदलू शकत नव्हते म्हणून त्यांनी प्रश्न मोठ्या पीठाकडं पाठवायला सांगितलं. कोण अल्पसंख्याक हे राज्य धरून बघतात, ११ न्यायाधीशांचा २००२ चा निकाल आहे तसा, म्हणून कर्नाटकात मराठी संस्था भाषिक अल्पसंख्याक ठरू शकते. पण नुसतं मराठी माध्यम असून भागत नाही, संस्थेकडं तसा दाखला आहे का ते आधी ऑफिसात बघा. आणि मी तुमच्या जागी असतो तर वाट न बघता फॉर्म भरला असता. टीईटीचं सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं, वाया जात नाही.

१७. फिनलंडमध्ये म्हणे सगळं शिक्षकच ठरवतात?

सगळं नाही. ढोबळ आराखडा तिथंही राष्ट्रीय संस्था ठरवते, पुढचं गावपातळीवर आणि शाळेत ठरतं. पण तिथं साध्या वर्गशिक्षकालासुद्धा मास्टर्स डिग्री लागते. आधी शिक्षकाची पात्रता वर नेली आणि मग त्याच्यावर सोडलं. आपण पहिला भाग वगळून दुसरा मागतो.

१८. सुत्तोले मराठीतून मागता येतं का?

मागता येतं, मिळेलच असं नाही. १९५६ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्रानं जे निवेदन काढलं त्यात होतं की जिथं अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ ते २० टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही काढाव्यात. यावरून इथं वर्षानुवर्षं मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात, आणि सुत्तोले कन्नडमधूनच येतं. एसडीएमसीच्या ठरावात "मराठी प्रत मिळावी" ही ओळ घालत जा, पोच घेत जा, प्रश्न ११ प्रमाणे.

तोपर्यंत लोक माझ्या दुकानात येतात. परवा एक आई आली स्कॉलरशिपचं सुत्तोले घेऊन, मी चष्मा शोधतोय तोवर तिच्या सहावीतल्या पोरीनं कागद ओढून घेतला आणि भडाभडा वाचून मराठीत सांगायला लागली, कुठले कागद, किती प्रती, कुणाची सही. आई माझ्याकडं बघायला लागली, बरोबर सांगती का हो मामा म्हणून. बरोबरच सांगत होती. फक्त शेवटच्या ओळीतली तारीख कालची होती.